साडेबावन्न

१

मंगळवार हा रेसचा वार. त्या दिवशी बळवंतराव नोएडाहून अकराची मेट्रो धरत. बसायला जागा असली तरी उभे राहत. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस उभा पाहून कोणी उठलंच, तर म्हणत, "बैठो. हमें आदत है."

सवय होतीच. वीस वर्षं फौजेत घोड्यांना नाल ठोकले. त्यानंतर बावीस वर्षं रेसकोर्सवर वजनाचा काटा वाचला. शर्यतीआधी जॉकी खोगीर कवेत घेऊन काट्यावर चढतो, शर्यत संपली की पुन्हा चढतो. रेसबुकात छापलंय तेवढं वजन दोन्ही वेळा भरावं लागतं. बळवंतरावांची शाळा चौथीत सुटली होती, पण काट्याचा आकडा त्यांनी कधी चुकीचा वाचला नाही. बावीस वर्षांत एक तक्रार वर गेली नाही. हे ते आपणहून कोणाला सांगत नसत. कोणी विचारलं, तर मात्र सांगत.

आता ते नुसते पाहायला जात. शेवटच्या फर्लांगाला कठड्याजवळ एक बाक होता. तिथे हरीशराव आधीच येऊन बसलेले असत. ते करोल बागेत राहायचे, कुठल्याशा मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. सगळ्या घोड्यांची कुंडली त्यांच्या मोबाइलमध्ये होती. ते घोडा पाहून तिकीट काढत. बळवंतराव जॉकी पाहून.

त्यासाठी त्यांची एक वही होती. हंगामाच्या सुरुवातीला ते दोन उत्तम जॉकी निवडत आणि पानाच्या मधोमध रेघ मारून एकाचं नाव डावीकडे, एकाचं उजवीकडे लिहीत. कोण किती जिंकला, ते लिहीत नसत. ते छापून येतंच. ते लिहीत, "हात हलके." "वळणावर घाई." "चाबूक उशिरा काढतो, चांगलं." अर्धा हंगाम झाला की एका नावाखाली रेघ ओढायची आणि तोंडाने म्हणायचं, "सरस अमुक." मग हंगाम संपेपर्यंत दर मंगळवारी त्या माणसावर एक तिकीट. घोडा कोणताही असो.

या वर्षी डावीकडे साकेत होता. उजवीकडे परीक्षित.

"उजवीकडचा तुमच्या मुलीचा मुलगा आहे, हेही लिहा की," हरीशराव म्हणाले.

"वहीत नातं लिहीत नाहीत."

"एकदा तरी नातवावर तिकीट काढा. पोरगा काय म्हणत असेल?"

"काय म्हणेल? साकेत त्याच्याहून सरस आहे. त्याला सांगितलंय मी तसं."

"बिल्कुल दगड आहात तुम्ही, बळवंतराव."

बळवंतरावांनी पेन काढलं. साकेतच्या नावाखाली रेघ ओढली आणि मोठ्याने म्हणाले, "सरस साकेत."

डिसेंबरचे दिवस होते. दुपारचे दोन वाजले तरी धुकं उठलं नव्हतं. शर्यत सुटली ती फक्त ऐकू आली. पलीकडच्या बाजूने टापांचा घोळका वळणाकडे सरकला. बळवंतराव डोळे मिटून ऐकत होते. चोपन्न किलो घेऊन पळणाऱ्या घोड्याचा पाय वेगळा पडतो, शंभर किलोवाल्याचा वेगळा. नाल ठोकणाऱ्याला हे कोणी शिकवावं लागत नाही.

वळणावर त्यांनी डोळे उघडले.

घोळक्यात एक पाय जड पडत होता. लंगडा नव्हता, दमलेला नव्हता. भरलेला होता. दोन माणसं पाठीवर घेऊन घोडा नदी उतरतो, तसा.

धुक्यातून पहिला घोडा बाहेर आला. साकेतचा. पाठीवर साकेत एकटाच होता. तो दीड लांबीने जिंकला.

"आपला चहा तुमच्याकडून," हरीशराव म्हणाले. "काय झालं? जिंकलात की."

"काही नाही. जमीन ओली असेल."

कठड्यापलीकडे साकेत घोड्यावरून उतरला. मोतद्दाराकडून पाण्याची बाटली घेतली आणि एका दमात संपवली. मग दुसरी. मग तिसरी. चौथी पिताना पाणी हनुवटीवरून ओघळून त्याचा सदरा भिजला, तरी तो थांबेना.

२

पुढच्या मंगळवारी ऊन होतं, जमीन कोरडी होती. पाय तसाच पडला.

बळवंतराव वजनाच्या खोलीच्या दाराशी गेले. काट्यावर आता जो माणूस होता, त्याला त्यांनीच शिकवलं होतं.

"साकेतचं किती भरलं?"

"चोपन्न, काका. जाताना चोपन्न, येताना चोपन्न."

"नीट पाहिलंस?"

त्याला ते लागलं. "आपने ही सिखाया है," तो म्हणाला.

मग ते तबेल्यात गेले. तिथे त्यांना अजून कोणी अडवत नसे. साकेतच्या घोड्याचा मागचा पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतला. रेसचा नाल ॲल्युमिनियमचा, हलका असतो. हा गेल्या आठवड्यात बसवलेला होता. कडेला तो कागदासारखा झिजला होता. दुसरा मागचा पायही तसाच. पुढचे दोन मात्र नवे वाटावेत असे.

खोगिराच्या मागे कोणी बसलं, तर भार मागच्या पायांवर येतो. एवढं त्यांना कळत होतं. त्यापुढचं त्यांनी मनात येऊ दिलं नाही. धातू हलका आला असेल. हल्ली सगळंच हलकं येतं.

बाहेर साकेत उभा होता. पुण्याचा पोरगा, नेहमी टवटवीत. त्या दिवशी गालफडं बसली होती.

"काका, एक विचारू? तुमच्या वेळी असं कोणाचं व्हायचं का? पाणी कितीही प्यायलं, तरी घशाखाली गेल्यासारखंच वाटत नाही."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवलं. साखर नाही, काही नाही." तो हसला. "आणि पाठ गरम राहते. फक्त पाठ. जसं कोणी चिकटून..."

"जेवत जा नीट," बळवंतराव म्हणाले आणि निघाले.

तिसऱ्या मंगळवारी साकेत पडला. शर्यतीत नाही. जिंकून झाल्यावर, घोडा चालीवर आला असताना. तो खोगिरात नीट बसला होता, आणि बसल्या बसल्या सरळ मागे गेला. पुढे झुकणं नाही, तोल सावरणं नाही. मागून ओढावं तसा. पाठीची तीन हाडं मोडली.

हरीशरावांनी दोन दिवसांनी फोन केला. "वाचला. पण घोड्यावर बसणं संपलं त्याचं."

३

त्या दिवशी बळवंतरावांनी वही पहिल्या पानापासून उघडली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दर वर्षी जोडी मांडली होती, पण नावाखाली रेघ फार थोड्या वेळा ओढली होती. दोघंही सामान्य निघाले, तर ते पान तसंच सोडत. साकेत धरून रेघेची नावं चार होती. एकाची मांडी मोडली होती. एकाचा खांदा गेला होता. तिसरा सगळं सोडून गावी गेला, त्याला काय झालं हे कोणाला माहीत नव्हतं.

जॉकी पडतातच, ते मनाशी म्हणाले. ज्यांच्या नावाखाली रेघ नाही, तेही पडलेत. चांगल्याला जास्त घोडे मिळतात, म्हणून तो जास्त पडतो. हिशेब सरळ आहे.

मग त्यांनी वही मिटली, कारण पाचवं नाव वहीत नव्हतं आणि तरी त्यांना ते वाचता येत होतं.

तेवीस वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये अशोक काट्यावर चढला होता. बळवंतरावांनी पाहिलेल्यांत त्याच्यासारखा दुसरा नव्हता. तेव्हा वही नव्हती, पण काट्यामागे उभे राहून ते दर वेळी मनात म्हणत, हा सरस. त्या दिवशी अशोकला बावन्न भरायचे होते. काटा साडेबावन्नवर थांबला.

"काका, अर्धा किलो," अशोक म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतोय."

अशोक गेला. भर उन्हात दोन घोंगड्या गुंडाळून तो तासभर पळाला. परत आला, तेव्हा घोंगड्या पिळता आल्या असत्या. काट्यावर चढला. बावन्न. ओठांवर पांढरं धरलं होतं.

"काका, एक घोट."

"पी. पण मी पुन्हा मोजीन."

अशोक पाणी न पिताच खोगीर उचलून गेला. शर्यत जिंकला. शेवटचा खांब ओलांडल्यावर मागे पडला आणि संध्याकाळी इस्पितळात वारला.

चौकशीत बळवंतरावांना एकच विचारलं. वजन बरोबर होतं? ते म्हणाले, बरोबर होतं. खरंच होतं. त्या रात्री ते जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. नियम त्यांनी केला नव्हता. त्यांनी तो पाळला होता.

४

रविवारी परीक्षित आईला भेटायला आला. साधनाचं ऑफिस नोएडातच, फ्लॅट सातव्या मजल्यावर. नवरा गेल्यापासून ती वडिलांना घेऊन तिथे राहत होती. परीक्षित आला की आधी बाथरूमबाहेरच्या काचेच्या काट्यावर उभा राही, मग किती जेवायचं ते ठरवी.

"एकोणपन्नास," त्याने सांगितलं. "अर्धी पोळी चालेल."

"अर्ध्या पोळीला ताट कशाला धुवायचं?" साधना म्हणाली. "बशीत देते. मांजरासारखं खा."

"मांजराला दूध मिळतं, आई. मला तेही नाही."

ती हसली नाही. वाढता वाढता वडिलांना म्हणाली, "बाबा, साकेतची आई पुण्याहून आलीय. काल तिला भेटून आले. तिला काय बोलू, सुचेना. याला घोड्यावर तुम्ही बसवलंत. सहा वर्षांचा होता. मी नको म्हणत होते. याला काही झालं, तर मी तुमच्याशी पुन्हा बोलणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

बळवंतरावांनी पोळीचा तुकडा मोडला. तिला उत्तर द्यायचं असतं, तर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते वेड्याचं होतं.

"आजोबा," परीक्षित म्हणाला, "साकेत नाही. मग आता सरस कोण?"

"कोणी नाही."

"वहीत मीच उरलो ना? रेघ ओढा. वॉकओव्हर समजा."

"वही बंद केली."

"अच्छा. म्हणजे मी तेवढाही नाही." तो हसत बोलला, पण बशीतली कोशिंबीर त्याने तशीच सोडली. "मंगळवारी हंगामातली मोठी रेस आहे. या तरी. एकदा माझ्यावर तिकीट काढा. वाईट चालवली तर शिव्या द्या."

"वाईट चालवशील?"

"तुम्ही आलात तर नाही."

बळवंतरावांनी पोराकडे पाहिलं. हात थेट त्यांच्यासारखे होते. मनगट तसंच. नाही गेलो तर, त्यांनी विचार केला, हा मला दाखवायला म्हणून वेडंवाकडं धाडस करील. गेलो, तर बाकावर बसेन. वही नेणार नाही. पाहणारही नाही. न पाहता कोणाला सरस कसं ठरवणार?

"येतो," ते म्हणाले.

५

ते खरोखरच पाठ करून बसले. तोंड पार्किंगकडे, पाठ कठड्याकडे. मफलर कानावरून घेतला होता.

"हे काय नवीन?" हरीशरावांनी विचारलं. "आज नातू पळतोय, आणि तुम्ही गाड्या मोजताय?"

"ऊन डोळ्यांवर येतं."

"ऊन कुठे आहे?"

खरंच नव्हतं. धुकं होतं, पहिल्या मंगळवारसारखं. बळवंतरावांच्या खिशात परीक्षितच्या नावाचं एक तिकीट होतं. त्यावर त्यांनी अंगठा दाबून धरला होता.

शर्यत सुटली. मफलर जाड होता, पण टापा कानाने ऐकायच्या नसतात. त्या बाकाच्या फळीतून येतात, चपलेच्या तळव्यातून येतात. त्यांनी दुसरं काही आठवायचा प्रयत्न केला. मेट्रोची स्टेशनं क्रमाने म्हणायला घेतली. तिसऱ्या स्टेशनापाशी त्यांना परीक्षितचा घोडा सापडला.

तो चौथ्या जागी होता आणि घाई करत नव्हता. पुढचे तिघं वळणावर आत घुसण्यासाठी घोडे ओढत होते, त्यांची लय मोडत होती. याची मोडत नव्हती. याने लगाम फक्त धरून ठेवला होता, झोपलेल्या लेकराचा हात धरावा तसा. वळण संपलं तरी चाबूक नाही. अजून नाही. एखादा कच्चा माणूस आत्ता मारेल. साकेतने आत्ता मारला असता.

नको, बळवंतराव म्हणाले. चुकव. काहीतरी चुकव, बाळा.

परीक्षितने काही चुकवलं नाही. त्याने नुसते हात पुढे केले, आणि घोडा आपणहून मोकळा झाला. टापा लांबल्या. एवढ्या हलक्या, की दोन टापांमधला वेळ ऐकू येत होता. असं त्यांनी याआधी एकाच माणसाचं ऐकलं होतं.

त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांच्या हातात पेन नव्हतं. पण आयुष्यभर ज्या जागी आकडा उमटायचा, त्या जागी तो उमटला.

हा सरस.

दुसऱ्या टापेला पाय जड पडला.

बळवंतराव उठून वळले. परीक्षितचा घोडा त्यांच्यासमोरून पहिला गेला. हरीशराव त्यांचा दंड धरून हलवत होते, "जिंकला, अहो, तुमचा पोरगा जिंकला," आणि बळवंतराव फक्त घोड्याचे मागचे पाय पाहत होते. ते मातीत बोटभर खोल जात होते.

परतून आल्यावर परीक्षितने त्यांना पाहून हात केला आणि उडी मारून उतरला. एका बाजूची रिकीब लोंबकळून झुलू लागली. रिकामी रिकीब झुलतेच.

दुसऱ्या बाजूची झुलली नाही. तिची चामडी वादी सुतासारखी ताणलेली होती आणि लोखंडी कडी सरळ उभी होती, आत पाऊल असावं तशी. मोतद्दाराने पोटाखालचा तंग सोडायला हात घातला, घोडा चमकून बाजूला सरला, आणि मग ती सैल पडली.

परीक्षितने पाणी मागितलं.

६

संध्याकाळी तो नोएडाला आला. साधनाने शिरा केला होता. तो त्याने बाजूला सारला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिला. पेला भरायचा, प्यायचा, भरायचा. बळवंतराव बाहेर खुर्चीवर बसून मोजत होते. सात झाले.

"अरे, आजारी पडशील," साधना म्हणाली. "बस झालं ना, यार."

"तहान जात नाहीये, आई. पाठीत पण कसंतरी होतंय. गरम."

मशीनचा आवाज थांबला. टाकी रिकामी झाली होती. स्वयंपाकघरातून हलक्या आवाजात कोणी म्हणालं,

"काका, एक घोट."

"काका कोण?" साधनाने विचारलं. "आजोबांना काका म्हणतोस?"

"मी? मी कुठे काही बोललो?"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. मग घाईघाईने माठातलं पाणी काढायला गेली.

"परीक्षित," बळवंतराव म्हणाले, "काट्यावर ये."

तो आला. एवढं पाणी पिऊन त्याचे ओठ फुटले होते आणि कडेला पांढरं धरलं होतं. काचेच्या काट्यावर तो उभा राहिला. हिरवा आकडा थोडा हलला आणि थांबला.

"एक्कावन्न," तो म्हणाला. "पाण्याचं वजन. उद्या उतरेल."

तो उतरून पुन्हा आत गेला. काट्यावर कोणी नव्हतं. आकडा पुसला जायला हवा होता. तो पुसला गेला नाही. सावकाश वर चढला.

साडेबावन्न.

बळवंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. सेल संपला असेल. काच ओली असेल. त्यांनी वाकून काचेवर बोट फिरवलं. काच कोरडी होती, आणि एप्रिलमधल्या पत्र्यासारखी तापलेली.

आत पेला भरल्याचा आवाज आला. उद्या पहाटे पोरगा सरावाला घोड्यावर बसणार होता.

बळवंतराव ताठ उभे राहिले. काट्यामागे उभे राहत तसे. आयुष्यात जे एकदाही केलं नव्हतं, ते त्यांनी केलं.

"बावन्न," ते म्हणाले. "बरोबर आहे. जा."

आकडा हलला नाही.

त्यांना वाटलं होतं तेवढ्याने भागेल. अर्धा किलो सोडला की झालं. ते वाट पाहत राहिले. ओल्या घोंगडीचा वास आला, घोड्याच्या घामाचा आणि माणसाच्या. आत परीक्षित खोकला, पाणी सांडलं, साधना रडक्या आवाजात काहीतरी म्हणाली.

"त्याला सोड," बळवंतराव हळू म्हणाले. "तो तेव्हा जन्मला पण नव्हता. काट्यावर मी होतो."

त्यांनी चपला काढल्या, बाजूला जोडून ठेवल्या आणि काट्यावर पाय ठेवला. मग दुसरा.

पायाखाली काच करकरली. पाठीला गरम, ओलं काहीतरी टेकलं आणि दोन गुडघे त्यांच्या बरगड्यांना येऊन भिडले, घट्ट, चांगला जॉकी भिडवतो तसे. काचेला एक बारीक रेघ गेली. खाली हिरवा उजेड होता. त्यात कोणता आकडा आहे, ते त्यांनी पाहिलं नाही.

स्वयंपाकघरात पेला ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला.

"बस, आई," परीक्षित म्हणाला. "गेली तहान. एकदम गेली. शिरा आहे का अजून?"

तो दोन घास खाऊन, आईच्या पाठीत थोपटून निघाला. लिफ्टची वाट न पाहता जिन्याने धावत उतरला. बळवंतराव दाराशी उभे राहून त्याची पावलं ऐकत होते. सात मजले. पाऊल हलकं पडत होतं, एका माणसाचं.

मग ते भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत आले. फरशीवर त्यांचा पाय असा पडला, की साधनाने वळून पाहिलं.

"बाबा, काय झालं? बसा. पाणी देऊ?"

त्यांनी मान डोलावली. तिने पेला दिला. त्यांनी तो संपवून पुढे केला. तिने भरला. तोही संपला. पाचव्या वेळी तिने पेला हातातच धरून ठेवला.

"बाबा, आता तुम्हीपण? एवढं पाणी?"

"दे," बळवंतराव म्हणाले. "दोघांचं आहे."